विश्लेषण : खाली धूर, वर बर्फ… वणव्यांच्या हंगामात हिमशिखर चढताना नेमके काय बदलते?

अमेरिकेतील सिएटल शहरात एक वाक्य रोजच्या बोलण्यात आहे. ‘आज डोंगर बाहेर आलाय.’ डोंगर म्हणजे माउंट रेनियर. शहरापासून सुमारे ९५ किलोमीटरवर उभा असलेला हा बर्फाच्छादित ज्वालामुखी आकाश निरभ्र असले की रस्त्यावरून, पुलावरून, कचेरीच्या खिडकीतूनही दिसतो. ढगाळ हिवाळ्यात तो दिसत नाही, याचे कुणाला नवल वाटत नाही. पण गेल्या काही वर्षांत तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांतही गायब होऊ लागला आहे. कारण ढग नव्हे, वणव्यांचा धूर.

नेमक्या याच दिवसांत शेकडो गिर्यारोहकांच्या हाती परवाना असतो, सुट्टी मंजूर झालेली असते, वाटाड्याचे पैसे भरलेले असतात आणि मोबाइलवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा नारिंगीवरून लालकडे सरकत असतो. जायचे की थांबायचे? सिएटलजवळच्या रेडमंड, बेलव्ह्यू या उपनगरांत आयटी कंपन्यांत काम करणारे मराठी अभियंते मोठ्या संख्येने राहतात. सह्याद्रीत ट्रेक करून गेलेल्यांना रेनियर खुणावतोच. त्यामुळे हा प्रश्न मराठी घरांतल्या फोनवरही येऊन पोहोचला आहे. त्याचे उत्तर मात्र एका आकड्यात मिळत नाही.

हा डोंगर किती अवघड?

रेनियरची उंची १४,४१० फूट, म्हणजे ४,३९२ मीटर. हिमालयाच्या हिशेबाने ही उंची मामुली वाटेल, पण तसे समजण्यात फसगत आहे. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्वाधिक हिमनद्या अंगावर असलेले हे शिखर. नाव असलेल्या हिमनद्याच सुमारे २५ आहेत. सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग ‘पॅराडाइज’ या ठिकाणाहून सुरू होतो. त्याची उंची ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई जिथे संपते, साधारण त्याच उंचीवर रेनियरची चढाई सुरू होते आणि तिथून आणखी नऊ हजार फूट वर जायचे असते.

पहिल्या दिवशी १०,१८८ फुटांवरच्या कॅम्प म्यूरपर्यंत. मग थोडी झोप आणि मध्यरात्रीच्या सुमारास पुन्हा चाल. बुटांना क्रॅम्पॉन, हातात आइस अ‍ॅक्स, कमरेला दोर आणि त्या दोराला बांधलेले साथीदार. मध्यरात्री निघण्याचे कारण सोपे आहे. हिमनदीतल्या खोल भेगांवर, ज्यांना गिर्यारोहक क्रेव्हास म्हणतात, बर्फाचे नैसर्गिक पूल तयार झालेले असतात. रात्रीच्या थंडीत ते गोठून घट्ट असतात. ऊन चढले की ते मऊ पडतात. म्हणून शिखर गाठून ऊन तापण्याआधी खाली यायचे, हा इथला नियम. दरवर्षी दहा हजारांच्या आसपास लोक हे शिखर गाठण्याचा प्रयत्न करतात. त्यातले साधारण निम्मेच यशस्वी होतात. तेही हवा स्वच्छ असताना.

धूर नेमका याच दिवसांत का?

रेनियर परिसरात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतो. १९७१-७२ च्या हंगामात पॅराडाइजमध्ये २८ मीटरहून अधिक हिमवृष्टी नोंदवली गेली होती आणि तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये या भागात पाऊस फारच कमी पडतो. आपल्याकडे वणव्याचा काळ मार्च ते मे असतो आणि जूनमध्ये पाऊस येऊन आग विझवतो. तिथे उलट आहे. जंगल जूनपासून वाळत जाते आणि सप्टेंबरपर्यंत काडेपेटीसारखे होते. विझवणारा पाऊस शरद ऋतूत येतो.

एरवी प्रशांत महासागरावरून येणारा वारा सिएटलची हवा स्वच्छ ठेवतो. वाऱ्याने दिशा बदलली आणि तो पूर्वेकडून वाहू लागला, की कॅस्केड पर्वतरांगेतला आणि तिच्या पलीकडचा धूर शहरावर येतो. २०१७ मध्ये नॉर्स पीक नावाचा वणवा रेनियर राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व हद्दीत शिरला आणि त्या सप्टेंबरमध्ये सिएटलमधील गाड्यांवर राख पडली. सप्टेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया ही तिन्ही राज्ये एकाच वेळी जळत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर सिएटल काही काळ जगातल्या सर्वात वाईट हवेच्या मोठ्या शहरांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. दिल्लीकरांना हे वाचून विचित्र दिलासा मिळाला असेल.

धूर शिखरापर्यंत पोहोचतो का?

‘शहरात धूर आहे, पण आम्ही तर त्याच्या वर जाणार,’ हा चढाईच्या बाजूने सर्वाधिक केला जाणारा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे.

रात्री थंड, जड हवा दऱ्यांमध्ये साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर या झाकणाखाली अडकतो. अशा पहाटे शिखरावर पोहोचलेल्या माणसाला खाली तपकिरी समुद्र दिसतो आणि वर निळे आकाश. छायाचित्र सुंदर येते. पण सूर्य वर आला की जमीन तापते, हवा वर उसळू लागते, झाकण फुटते आणि धूर उंच चढतो. दुपारपर्यंत तो दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे पहाटे स्वच्छ हवेत शिखर गाठणारा गिर्यारोहक, पाय थकलेले असताना, दुपारी त्याच धुरात उतरत असतो.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलट आहे आणि तोच अधिक फसवा. मोठ्या वणव्यांची उष्णता धूर थेट कित्येक किलोमीटर उंच फेकते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियातून किंवा कॅलिफोर्नियातून शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेला धूर अनेकदा जमिनीला टेकतच नाही. तो तीन ते सहा किलोमीटर उंचीच्या थरात तरंगत येतो. कॅम्प म्यूर तीन किलोमीटरवर आहे, शिखर जवळपास साडेचार किलोमीटरवर. अशा दिवशी खालच्या गावातील मोजणी केंद्र हिरवा आकडा दाखवते आणि डोंगराचा वरचा भाग धुरात असतो.

म्हणूनच जाणते गिर्यारोहक केवळ हवेच्या गुणवत्तेचे अ‍ॅप पाहत नाहीत. अमेरिकेच्या हवामान यंत्रणेचे ‘एचआरआरआर-स्मोक’ नावाचे प्रारूप आहे. ते तीन किलोमीटरच्या चौकटींत धुराचा अंदाज देते आणि दोन वेगवेगळे नकाशे दाखवते. पहिला जमिनीलगतच्या धुराचा. दुसरा जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण स्तंभात मिळून किती धूर आहे याचा. पहिला नकाशा स्वच्छ आणि दुसरा गडद असेल, तर धूर वर आहे. शहरात राहणाऱ्याला त्याची काळजी नाही. डोंगर चढणाऱ्याला आहे. या प्रारूपाची एक मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. तीन किलोमीटरच्या चौकटीत डोंगराचा सुळका सपाट होऊन जातो. त्यामुळे शिखरावरच्या धुराचा आकडा थेट या नकाशातून काढता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. पॅराडाइज आणि कॅम्प म्यूर येथील वेबकॅम त्याला मदत करतात.

एक्यूआय १०० की १५४?

इथे भारतीय वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वायू गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, हे मोजमाप नव्हे. ते मोजमापावर चढवलेले कोष्टक आहे आणि प्रत्येक देशाचे कोष्टक वेगळे आहे. धुरातला मुख्य घटक म्हणजे पीएम २.५. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीस-तिसाव्या भागाएवढे. हवेत त्यांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय कोष्टकानुसार निर्देशांक १०० येतो आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकेच्या २०२४ मध्ये सुधारलेल्या कोष्टकात १५४ ठरते आणि शेरा येतो ‘अनारोग्यकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा तर १५ मायक्रोग्रॅम आहे.

त्यामुळे ‘पुण्यात आम्ही दीडशेमध्ये रोज पळतो’ असे सिएटलच्या मित्राला सांगण्यापूर्वी दोघे एकाच कोष्टकाबद्दल बोलत आहेत ना, हे पाहिलेले बरे. वॉशिंग्टन राज्यात वणव्याच्या धुरात उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी नियम आहेत. पीएम २.५ चे प्रमाण ३५.५ मायक्रोग्रॅमवर गेले की मालकाने कामगारांना एन-९५ मास्क उपलब्ध करून द्यावे लागतात. भारतीय कोष्टकात ही हवा अजून ‘समाधानकारक’मध्येच मोडते.

फुप्फुसांवर किती भार पडतो?

कोष्टक कोणतेही घेतले तरी ते ‘हवेत किती’ एवढेच सांगते. ‘छातीत किती’ हे श्वासावर ठरते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ८ लिटर हवा आत घेतो. पाठीवर ओझे घेऊन चढणारा माणूस सहज ४० लिटर घेतो, चढ उभा असेल तर त्याहून जास्त. आता ६० मायक्रोग्रॅमच्या हवेत बारा तास धरू. बसलेल्या माणसाच्या आत सुमारे ६ घनमीटर हवा जाते आणि तिच्यासोबत साधारण ३५० मायक्रोग्रॅम कण. चढणाऱ्याच्या आत जवळपास २९ घनमीटर हवा आणि १,७०० मायक्रोग्रॅमहून अधिक कण. पाचपट. शिवाय दमल्यावर माणूस तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणीही बाजूला पडते.

त्यात उंचीची भर. रेनियरच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन त्या प्रमाणात कमी. सिएटल समुद्रकिनारी आहे आणि बहुतेक लोक तिथून निघून दोन-तीन दिवसांत साडेचार हजार मीटरच्या जवळ जातात. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. वणवा जवळ असेल तर धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. दूरवरून आलेल्या धुरात त्याचे प्रमाण बरेच विरळ झालेले असते, हे खरे.

निरोगी, तरुण माणूस एवढ्याने कोसळेल असे नाही. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी अशा दिवशी निघूच नये. बाकीच्यांसाठी खरा धोका कमी बोलला जातो. तो आहे लक्षणांच्या गोंधळाचा. उंचीचा त्रास सुरू झाला की डोके दुखते, मळमळते, थकवा येतो. धुरानेही डोके दुखते, घसा खवखवतो, खोकला येतो. उंचीवर फुप्फुसांत पाणी साचण्याचा जो जीवघेणा आजार आहे, त्याची सुरुवातही अनेकदा कोरड्या खोकल्याने आणि दम लागण्याने होते. स्वच्छ हवेत अकरा हजार फुटांवर साथीदार खोकू लागला तर दोरावरचे सगळे सावध होतात. धुराच्या दिवशी सगळेच खोकत असतात. ‘धुरामुळे असेल’ या दोन शब्दांत मौल्यवान तास निघून जाऊ शकतात.

डॉक्टरांचा सल्ला या बाबतीत स्पष्ट असतो. विश्रांती घेतानाही दम लागत असेल, चालताना तोल जात असेल, तर कारण शोधत बसू नये, खाली उतरावे. खाली धूर जास्त असला तरीही. उंचीच्या आजारावर उतरणे हाच पहिला उपाय आहे.

मास्क लावून चढता येईल?

येईल, पण थोडा वेळ. एन-९५ मास्क घट्ट बसला तर ९५ टक्के कण अडवतो, वायू अडवत नाही. दाढीवर तो नीट बसत नाही. श्वासाच्या वाफेने तो ओला होतो आणि श्वास ओढायला जड जातो. वाहनतळापासून धुराच्या थरातून बाहेर पडेपर्यंत, किंवा तंबूत झोपताना त्याचा उपयोग होतो. तेरा हजार फुटांवर उभ्या चढात तो चेहऱ्यावर टिकणे कठीण.

बर्फावर धुराचा काय परिणाम होतो?

इथे धुराच्या दोन परस्परविरोधी करामती एकाच वेळी चालतात. हवेतला धूर सूर्यप्रकाश अडवतो, दिवसाचे तापमान काही अंशांनी उतरते आणि त्या दिवशी बर्फ कमी वितळू शकतो. पण तोच धूर खाली बसला की काजळी होते. ताजे बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकते. काजळी, धूळ बसलेले उघडे हिमनदीचे बर्फ त्याच्या निम्म्याहूनही कमी फेकते. उरलेली उष्णता ते पिते. कॅनडातील अथाबास्का हिमनदीवर सस्कॅचवान विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात वणव्यांच्या काजळीमुळे वितळण्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे दिसले. धूर वाऱ्यासोबत निघून जातो. काजळी मागे राहते.

रेनियरच्या हिमनद्या त्याआधीच आक्रसत आहेत. १८९६ ते २०२१ या काळात त्यांचे क्षेत्र ४० टक्क्यांहून अधिक घटले, असे राष्ट्रीय उद्यान विभागाचा अहवाल सांगतो. दक्षिण उतारावरची स्टीव्हन्स हिमनदी तर आता हिमनदी म्हणवून घेण्याइतकीही उरलेली नाही.

गिर्यारोहकासाठी याचा अर्थ थेट आहे. मे-जूनमध्ये क्रेव्हासवर जाड बर्फाचे पूल असतात आणि वाट बरीचशी सरळ असते. ऑगस्टअखेरीस पूल पातळ होतात, कोसळतात, भेगा रुंदावतात. वाट वळसे घेते, कुठे अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या टाकाव्या लागतात. म्हणजे धुराचा हंगाम आणि हिमनदी सर्वाधिक फाटलेली असण्याचा हंगाम एकच आहे. धूर टाळायचा म्हणून मोहीम मे-जूनमध्ये घ्यावी, तर तेव्हा वादळे आणि हिमप्रपाताची भीती जास्त. उशिरा जावे तर धूर आणि भेगा. मधला जुलै उरतो आणि त्या महिन्यातले परवाने सगळ्यांनाच हवे असतात.

त्यात या मार्गावर वेगाला महत्त्व आहे. इंग्रॅहॅम हिमनदीवरून पुढे जाताना ‘आइसबॉक्स’ आणि ‘बोलिंग अ‍ॅली’ अशी टोपणनावे मिळालेले दोन टप्पे लागतात. पहिल्यावर वरून बर्फाचे ठोकळे पडू शकतात, दुसऱ्यावर दगड. २१ जून १९८१ रोजी याच इंग्रॅहॅम हिमनदीवर बर्फाचा कडा कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला होता. अशा जागी थांबायचे नाही, झपाझप पुढे सरकायचे, एवढाच बचाव असतो. धुराने दम लागलेली दोरावरची एक व्यक्ती जरी दर दहा पावलांवर थांबू लागली, तर सगळा दोर त्या जागी थांबतो.

दिसेनासे झाले तर?

कॅम्प म्यूरच्या खालचा म्यूर हिमपठार दिसायला सौम्य आहे. खोल भेगा फारशा नाहीत, उतार मध्यम. तरीही रेनियरवर वाट चुकण्याच्या घटनांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. धुके-हिमवादळात माणूस थोडा डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि शेजारच्या भेगाळलेल्या हिमनदीवर पोहोचतो. दूरवरचा धूर दाट धुक्यासारखा हातभर अंतरावरचे झाकत नाही. तो सावल्या पुसतो. सपाट, पिवळसर उजेडात बर्फावरचा हलका खोलगटपणा दिसत नाही आणि बर्फाखाली क्रेव्हास असल्याची ती खूण असते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे जवळ मोजणी केंद्र नसेल तर डोळ्यांनी अंदाज घेण्याची एक जुनी पद्धत आहे. पाच मैलांवरचे, म्हणजे आठ किलोमीटरवरचे दिसत नसेल तर लहान मुले, वृद्ध आणि आजारी व्यक्तींसाठी हवा वाईट. तीन मैलांवरचे दिसत नसेल तर सर्वांसाठी वाईट. एक मैलावरचे दिसत नसेल तर घातक. हवा दमट नसावी आणि सूर्याकडे तोंड करून पाहू नये, एवढी पथ्ये. पॅराडाइजपासून कॅम्प म्यूर सरळ रेषेत साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे. वाहनतळावर उभे राहून वरचे कडे ओळखू येत नसतील, तर उत्तर जवळपास मिळालेले असते. अर्थात नजर खालून वर, धुराच्या वेगवेगळ्या थरांतून जात असल्याने हा अंदाज ढोबळच.

सुटकेचा प्रश्न याहून गंभीर. क्रेव्हासमध्ये पडून पाय मोडलेल्या माणसाला दहा-बारा हजार फुटांवरून खांद्यावर खाली आणायला कित्येक माणसे आणि कित्येक तास लागतात. म्हणून रेनियरवरच्या गंभीर अपघातांत हेलिकॉप्टर बोलावले जाते, गरज पडल्यास लष्कराचे चिनूकही. हेलिकॉप्टरला वैमानिकाची नजर लागते. धुरात उतार आणि आकाश एकच दिसू लागले की उड्डाण थांबते. शिवाय वणव्याच्या दिवसांत त्या भागातल्या अनेक हेलिकॉप्टरना आगीवर पाणी टाकण्याचे काम असते. एरवी एका तासात येऊ शकणारी मदत दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर घोट्याचे हाड मोडणे ही वेगळीच दुखापत होते.

मग निर्णय कसा घेतला जातो?

काही वेळा निर्णय गिर्यारोहकाच्या हातात राहतच नाही. ३१ ऑगस्ट २०२१ पासून सुमारे दोन आठवडे कॅलिफोर्नियातील सर्व राष्ट्रीय वने वणव्यांच्या धोक्यामुळे बंद ठेवली गेली. त्यात हिमनद्या असलेले माउंट शास्ता शिखरही आले. आगीमुळे डोंगराकडे जाणारा रस्ता बंद होऊ शकतो आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही वर असताना बंद होऊ शकतो. शिखर मोहिमेतून उतरणाऱ्या दमलेल्या माणसाला परतीचा रस्ताच नाही, ही शक्यता निघण्यापूर्वीच धरावी लागते.

जिथे डोंगर उघडा आहे, तिथे अनुभवी गट साधारण असा विचार करतात. आग कुठे आहे आणि वारा कोणत्या दिशेने आहे? धूर जमिनीलगत आहे की वर? रात्री शिखराच्या उंचीवर तापमान शून्याखाली जाणार आहे का? हेलिकॉप्टर उडू शकेल का? यातल्या एकाच प्रश्नाचे उत्तर वाईट असेल तर काही गट वाट बदलतात, दिवस बदलतात. दोन उत्तरे वाईट असतील तर परततात. निर्देशांक दीडशेच्या वर असेल तेव्हा दीर्घ आणि कष्टाची हालचाल कमी करा, असे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. मैदानावर पळणारा माणूस ते पाळू शकतो, तो घरी जाईल. हिमनदीच्या मधोमध दोराला बांधलेल्या माणसाला ‘हालचाल कमी करा’ हा पर्यायच नसतो. म्हणून हा निर्णय वाहनतळावर, फार तर कॅम्प म्यूरवर घ्यावा लागतो. त्यानंतर तो महाग पडत जातो.

पैसा आणि सुट्टी हा यातला न बोललेला भाग आहे. धुरासाठी परवान्याची तारीख सहज बदलून मिळेलच असे नाही आणि वर्षातून दहा-पंधरा दिवसांची रजा मिळणाऱ्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात येऊ’ म्हणता येत नाही. वाटाड्या संस्थांच्या अटींत धूर हे मोहीम रद्द करण्याचे कारण धरले आहे का, पैसे परत मिळतात की नाही, हे नोंदणी करतानाच वाचून घेणे शहाणपणाचे.

भारतीय हिमालयात असे होते का?

होते, फक्त महिने वेगळे. उत्तराखंडमध्ये वणव्यांचा अधिकृत हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्यातले शेवटचे सहा आठवडे म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांची सुट्टी आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या ट्रेकचा भर. चीड वृक्षाच्या वाळलेल्या सुयांचा थर जमिनीवर साचतो आणि ठिणगीला पुरेसा असतो. २०१६ आणि २०२४ मध्ये तिथल्या आगी विझवण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर वापरावी लागली होती.

गोमुखच्या वाटेवर सुमारे ३,६०० मीटरवर चिरबासा आहे. गंगोत्री हिमनदीकडे जाणाऱ्या अनेक मराठी ट्रेकरनी तिथे पाणी प्यायले असेल. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने २०१६ मध्ये तिथल्या हवेतील काळ्या कार्बनची, म्हणजे काजळीची मोजणी केली. घनमीटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅमपासून ४.६२ मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक पटीचा चढउतार आढळला. उन्हाळ्यातल्या वाढीमागे जंगलातील आगी आणि शेतातले अवशेष जाळणे ही कारणे संशोधकांनी दिली.

फरक एवढाच, की रेनियरवर जाणाऱ्याला धुराचे दोन-दोन नकाशे, वेबकॅम आणि आसपासच्या गावांतील मोजणी यंत्रे फोनवर मिळतात. गढवालच्या वरच्या गावांत हवा मोजणारी केंद्रे विरळ आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या आधारे आगीच्या सूचना देते, तिची नोंद केलेल्यांना त्या मोबाइलवर मिळतात. मे महिन्यात उत्तरकाशी किंवा चमोलीकडे निघणाऱ्या गटाच्या म्होरक्याने ती नोंदणी करून ठेवावी. धूर किती उंचीवर आहे, हे मात्र त्यातून कळणार नाही. त्यासाठी सध्या तरी वरच्या मुक्कामावरील घोडेवाल्याला किंवा ढाबेवाल्याला फोन करून ‘समोरचे शिखर दिसते का?’ हे विचारणे हाच मार्ग आहे.